ये म्हणू नये

आमच्या घरात भूत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. छप्पन साली माझा बा, पुंजाजी, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडून आला, आणि त्या दिवसापासून भूत, भानामती, पिंड, कावळा, अमावस्या हे सगळं आमच्या उंबऱ्याबाहेर गेलं. बा रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ ठोकता ठोकता त्याचा स्वभावही तसाच झाला होता, सरळ आणि तापलेला. शेजारच्या मनकर्णाबाईने कुणाची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या आणल्या, तर तो म्हणायचा, "ठेव तिथी, संध्याकायच्या फोडणीले होईन." मी त्याचीच मुलगी. माझी सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली आणि वर्गात भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे.

तरी ही गोष्ट सांगते, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि तीही भर दुपारी.

माझा भाऊ सूर्यभान माझ्याहून मोठा. अकोल्याच्या कॉलेजात शेतकी शिकला आणि एकसष्ट साली सरकारी शिष्यवृत्तीवर मातीचा अभ्यास करायला जर्मनीला निघाला. काळ्या मातीतला माणूस मातीच शिकायला बोटीने जाणार म्हणून आमच्या मूर्तिजापुरात थट्टा खूप झाली, पण त्याला पोचवायला सारी वस्ती फलाटावरच्या कडुनिंबाखाली आली होती. गाडी सुटायच्या बेतात, दारात उभा राहून, मायला चिडवायला म्हणून तो म्हणाला, "जातो वं माय."

माय, म्हणजे केशरबाई, पुढे झाली आणि तिने दाराजवळची लोखंडी दांडीच धरली. "जातो नाई म्हनाव! येतो म्हन."

"येतो म्हन्लं तं यावंच लागते ना मंग."

"म्हनून तं म्हन म्हनते!"

बा मागून करवादला, "बोलण्यानं का होते वं? सोड ती दांडी, गाडी हालते." पण माय सोडीना. शेवटी सूर्यभानने हसत हसत तिच्या हातावर हात ठेवला. "येतो वं माय. कसाबी करून येतो." तेव्हा कुठे "ये बापा" म्हणून तिने दांडी सोडली.

आपल्याकडे निघणारा "येतो" म्हणतो आणि राहणारा "ये" म्हणतो. देव सोडले, नवस सोडले, पण हे दोन शब्द मायने सोडले नव्हते. बाच्या ते लक्षातच आलं नव्हतं, नाहीतर त्याने तेही टोपलीत घातले असते.

जर्मनीहून सूर्यभानची पत्रं यायची ती बहुतेक खाण्याची आणि थंडीची. आणि हेल्मुटची. हा त्याच्या खोलीतला जोडीदार, एका शेतकरी विधवेचा एकुलता एक मुलगा. त्याला हिंदुस्थानातल्या भाषांचा अभ्यास करायचा होता, सूर्यभानला जर्मन सुधारायचं होतं, तेव्हा दोघांनी अदलाबदल ठरवली. रोज जेवताना अर्धा वेळ एकाची भाषा, अर्धा वेळ दुसऱ्याची. आमच्या पठ्ठ्याने त्याला पुस्तकी मराठी शिकवलंच नाही. "अशी अस्सल वऱ्हाडी शिकवतो का पुण्याचा मानूस आयकूनच पडला पाहिजे," असं त्याने लिहिलं होतं. आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ झाला, खोकला हटेना, आणि फेब्रुवारीत तार आली. त्याला तिथेच पुरलं. आम्ही विहारात वंदना घेतली, खीर वाटली, संपलं. बा गँगवर गेला. घण मारताना तो एकटाच रडतो, असं त्याच्यासोबतच्या नत्थुजींनी मला सांगितलं, पण घरात त्याच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नाही. माय मात्र वेगळंच बोलायची. "येतो म्हन्ला होता," एवढंच, भाकरी थापता थापता, जणू गाडी लेट आहे. मला तिचा राग यायचा. मी तेव्हा अमरावतीला बी.ए. करत होते, आणि शिकणाऱ्या माणसाला घरच्यांचा राग लवकर येतो.

चौसष्टचा मे महिना. मी सुट्टीत घरी होते. मूर्तिजापूरच्या मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला काय सांगावं? कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीत पडून राहतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि छपराच्या कवेलूंतून उतरणारी झळ खाटेवरच्या माणसाला शेकून काढते. आम्ही दार लावून आत पडलो होतो. बा, माय, मी. आणि बाहेरून हाक आली.

"माय, दार उघड वं. पाय पोयले."

आवाज सूर्यभानचा होता. त्याच्यासारखा नव्हे, त्याचा. 'दार' म्हणताना किंचित लांबवायची खोडसुद्धा तीच. बा खाटेवर उठून बसला. मी अर्धी उठून तशीच थांबले. भर दुपारची पहिली हाक आली तर ओ देऊ नये, तिसरीपर्यंत थांबावं, असं आमच्याकडे म्हाताऱ्या सांगत. बाने ते कधीच मोडीत काढलं होतं. पण त्या घडीला तोही थांबला, मी स्वतः पाहिलं. थांबली नाही ती माय. पहिल्याच हाकेला "आली रे बापा" म्हणत तिने कडी काढली.

दारात एक लांबलचक गोरा पोरगा उभा होता. उन्हाने टोमॅटो झालेला, खांद्यावर सूर्यभानची पत्र्याची पेटी. त्याने हात जोडले. "मी हेल्मुट. सूर्याचा दोस्त. त्याचं सामान घेऊन आलो."

सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. बा तर हसलाच. आणि मला लगेच उलगडा झाला, मी विद्यार्थिनी होते ना. माणूस ज्या एकाच तोंडातून भाषा शिकतो, त्या तोंडाचे हेल, ठसका, सगळंच उचलतो. पोपट नाही का मालकाच्या आवाजात बोलत? हेल्मुट शिष्यवृत्तीवर वर्षभर पुण्यात मराठी शिकायला आला होता. तिथल्या प्राध्यापकांनी पहिल्या दिवशी त्याला विचारलं, "आपण कधी आलात?" आणि हा म्हणाला, "कवाचाच येऊन रायलो ना जी!" ते पडायचेच काय ते बाकी राहिले. पुढे वर्षभर त्याला ते आपली मराठी शिकवत राहिले आणि हा बोलत राहिला वऱ्हाडी. हे सांगताना तो सूर्यभानसारखाच मान तिरपी करून हसला. बरं, तेही उचललं असेल.

संध्याकाळी त्याने खिशातून फोटो काढून मायला दाखवला. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, लाकडी दाराच्या चौकटीत उभी. "हे माही माय," तो म्हणाला, आणि आपल्या भाषेत तिला काय हाक मारतो तेही बोलून दाखवलं. "मुत्ती." मायने दोनदा म्हणून पाहिलं, तिला जमलं नाही, सगळे हसलो. जूनमध्ये त्याचं वर्ष संपत होतं. बोटीने घरी जायचं होतं, आई वाट पाहत होती. आमच्याकडे दोन दिवस राहून तो पुण्याला परतणार होता.

तो परतला नाही. उद्या जातो, परवा जातो. ऊन आहे, थोडं उतरू दे. मायने आमरस केला, मग सरगुंडे केले, मग आणखी काही. मला वाटलं, दोघांनाही बरं वाटतंय, तर राहू दे. तो बाबरोबर पहाटे रुळाकडे फिरायला जायचा, विहिरीचं पाणी काढायचा, मनकर्णाबाईच्या बकरीला शिव्या घालायचा. शिव्या अर्थात सूर्यभानच्या. वस्तीतली माणसं त्याला पाहायला यायची आणि डोळे मिटून ऐकायची. मी हे नजर चुकवून पाहिलं आहे. येणारा प्रत्येक जण थोड्या वेळाने डोळे मिटायचा.

मग ती भाकरीची गोष्ट झाली.

लहानपणी मला ज्वारीच्या भाकरीचा नुसता पापुद्रा आवडायचा. सूर्यभान आपल्या भाकरीचा पापुद्रा अलगद सोलायचा आणि न बोलता, माझ्याकडे न पाहता, माझ्या ताटात टाकायचा. त्याबद्दल आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. ते सांगण्यासारखं काही नव्हतंच, श्वास घेतो हे कोणी कोणाला सांगतं का? एका दुपारी जेवताना बा काहीतरी गँगमधलं सांगत होता, हेल्मुट त्याच्याकडे पाहत ऐकत होता, आणि त्याच्या हाताने भाकरी सोलली आणि पापुद्रा माझ्या ताटात टाकला.

मी जेवायची थांबले. "हे तुला त्यानं सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कोनतं?"

"हे. पापुद्रा."

त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. बराच वेळ पाहत राहिला. "मी टाकला?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती, आणि ती भीती पाहूनच मी भ्याले. आतापर्यंत सगळ्याचा उलगडा माझ्यापाशी होता. या एका पापुद्र्याचा नव्हता.

त्यानंतर तो मला "ललिताबाई" म्हणायचा सोडून "लले" म्हणू लागला. मी चिडून म्हटलं की मला असं हाक मारायचं नाही, तर त्याला कळेचना की नाहीतर काय म्हणायचं. मेच्या शेवटी पुण्याहून त्याच्या सोबत्याचा निरोप आला की बोटीची तारीख जवळ आली, निघ. त्याने ऐकलं आणि विचारलं, "कोठी जायाचं?"

मला राहवलं नाही. मी त्याच्या सदऱ्याच्या खिशातला फोटो काढला आणि त्याच्यापुढे धरला. "तुझ्या आईकडे. ही बघ. काय हाक मारतोस तू हिला?"

दुपारच होती. ओसरीवर आम्ही चौघंच. त्याने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मग अगदी सभ्यपणे, अनोळखी बाईबद्दल विचारावं तसं विचारलं, "हे बाई कोन आहे वं लले?"

बाच्या हातातली बिडी खाली पडली. ती उचलायचं कोणाला सुचलं नाही.

मग तो रडायला लागला. त्याला त्याची भाषा आठवेना. आकडे आठवेनात, वार आठवेनात, पाण्याला काय म्हणतात तेही आठवेना. एकेक विचारायचा स्वतःलाच आणि वऱ्हाडीत उत्तर द्यायचा. आणि रडता रडता त्याने ते सांगितलं, जे आल्या दिवसापासून सांगायचं टाळत होता.

"अखेरच्या दिवसांत सूर्या आपली बोली भुलला होता. मी वऱ्हाडीत बोलो तं तो माह्या तोंडाकडे पाहे. त्याले काईच समजे ना. अन् जर्मन असं बोले, का आमच्या गावचे लोक बोलतात तसं. मी नव्हतं शिकवलं त्याले ते. दवाखान्यातल्या नर्सले तो मुत्ती म्हने." तो थांबला. तो शब्द त्याच्या तोंडून गेला होता आणि आपण काय बोललो हे त्याला कळलंही नव्हतं. "त्याची बोली त्याच्यातून जाऊन रायली होती, अन् माह्यात येऊन रायली होती. आमी अदलाबदल केली होती ना, तशी. मंग त्या दिवशी सकायी उठून बसला. डोये साफ. मले म्हने, येतो. बस, एवढंच. वऱ्हाडीत."

"अन् तू का म्हन्लं?" मायने विचारलं.

"त्यानंच शिकवलं होतं मले. कोनी येतो म्हन्लं का आपुन ये म्हनाव, नाई म्हन्लं तं वाईट दिसते." हेल्मुटने नाक पुसलं. "मी म्हन्लं, ये."

माय जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

"सरत्या मानसाले ये नाई म्हनत बापा," ती हळूच म्हणाली. "त्याले जाय म्हनाव लागते. मन घट्ट करून. हे नाई सांगतलं त्यानं तुले?"

"नाई."

"त्याले तरी कोठून मालूम राहीन? त्यानं कोनाले मरतानी पाह्यलं होतं?"

बा ताडकन उठला. "बंद करा हे! आत्मा नाई, भूत नाई. पोराले ऊन लागलं. डोकं फिरलं उन्हानं." ओरडून ओरडून त्याचा आवाज चिरला. मग तो मोरीपाशी गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि पाठ फिरवूनच म्हणाला, "सूर्या, तो टावेल दे बरं."

हेल्मुटने टॉवेल नेऊन दिला. बाने तो घेतला, तोंड पुसलं, आणि पुसतच राहिला. आपल्या तोंडून कोणतं नाव गेलं ते त्याला तेव्हा उमगलं असावं. माय भ्रमात गेली तर बा होता. आता बाही गेला.

चुलीपाशी मी मायला गाठलं. "माय, हा आपला नाही. याला घरी पाठव."

"मले का समजत नाई?" ती निखारे सारखे करत म्हणाली. "पह्यल्या हाकेलेच समजलं."

"मग?"

"आजचा दिवस राहू दे."

दुसऱ्या दिवशीही तेच. आजचा दिवस राहू दे. तिसऱ्या दिवशीही. मी खूप बोलले, नको ते बोलले. तिकडे एक बाई दार उघडं टाकून बसली असेल, तिचाही एकच आहे, तिने तुझं काय बिघडवलं? माय ऐकून घ्यायची आणि त्याच्यासाठी कांदा भाजायची. आई झाली म्हणून काय झालं, चोर ती चोरच, असं मी मनात म्हटलं. आज मी स्वतः दोन मुलांची आई आहे. आज म्हणवत नाही.

मृगाच्या तोंडावर हेल्मुट खोकू लागला. आधी पहाटे, मग दिवसभर. उकाड्यात सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा, आणि हा गोधडी मागायचा. म्हणायचा, बाहेर बर्फ पडून रायला, खिडकी लाव. डॉक्टर आले, नळी लावून छाती तपासली, छाती स्वच्छ आहे म्हणाले. पण खोकल्याचा आवाज काही स्वच्छ छातीचा नव्हता. सूर्यभानने पत्रात लिहिलं होतं, "खोकलो का बरगड्या वाजतात." हेल्मुट खोकला की ते ऐकू यायचं.

मायने तो खोकला कधी ऐकला नव्हता. तिचा मुलगा समुद्रापार मेला होता, तिच्या वाट्याला फक्त तार आली होती. आता ती त्याच्या उशाशी बसून सगळं पाहत होती. दोन दिवस ती तिथून हलली नाही. मग एका सकाळी उठली, न्हाली, पेटीतून हेल्मुट आला त्या दिवशीचे त्याचे कपडे काढले, घडी केली, दशम्या बांधल्या, आणि बाला म्हणाली, "मुंबईकडची दुपारची गाडी कवा आहे?"

"का म्हनतं तू?" बाने विचारलं. त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

"एक खेप समुद्रापार मेला, मले काई करता नाई आलं," माय म्हणाली. "आता माह्या डोयासमोर मारू का त्याले? अन् संगं दुसरीच्या पोरालेबी?"

फलाट तापून निघाला होता. बा आणि मी हेल्मुटला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. तो मुकाट आला. डब्यात चढला, दशम्यांचं गाठोडं ठेवलं, आणि दारात येऊन उभा राहिला. मायने जाऊन दांडी धरली. तीच जागा, तीच कडुनिंबाची सावली.

तो खोकला, आणि मग हसला, मान तिरपी करून. तिच्या हातावर हात ठेवला. "येतो वं माय. कसाबी करून येतो."

हे शब्द सूर्यभानने त्याला सांगितले असतील का? असतील. सांगितले असतील असंच मी आजही म्हणते.

गार्डने शिट्टी दिली. माय वर पाहत होती. बा तिच्या शेजारी उभा होता, आयुष्यभर बोलण्याने काय होतं म्हणणारा बा, आणि तो पुटपुटत होता, "म्हन वं. म्हनून टाक."

"जाय," माय म्हणाली.

आमच्या घरातून कोणी कोणाला निघताना हा शब्द बोललेला मी तोवर ऐकला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत प्रश्न आला. लहानपणी चुकून तिने मारलं की सूर्यभानच्या डोळ्यांत यायचा तसा. "माय?" तो म्हणाला.

"जाय बापा. आता येऊ नको. मी नाई वाट पाहत. जाय."

गाडी हलली. मायने दांडीवरचा हात त्याच्या हाताखालून काढून घेतला. त्याने एकदा डोळे मिटले, उघडले, आणि फलाटाकडे, कडुनिंबाकडे, आमच्याकडे असं पाहिलं की हे सगळं तो पहिल्यांदाच पाहतो आहे. खोकला थांबला होता. मी डब्याबरोबर चालत चालत ओरडले, "पाणी आहे ना? पाणी भरून घेतलं का?" त्याला कळलं नाही. त्याने कान पुढे केला, अवघडून हसला, आणि इंग्रजीत विचारलं की ही गाडी मुंबईलाच जाते ना. तो आवाज मी कधीच ऐकलेला नव्हता. जाड, परका, एका चांगल्या मुलाचा आवाज. मी हो म्हटलं. त्याने सगळ्यांना हात केला, जसा प्रवासी फलाटावरच्या कोणालाही करतो.

पावसाळा सरता सरता त्याचं इंग्रजीत पत्र आलं. प्रकृती उत्तम आहे, आई आनंदात आहे, तुमच्याकडे राहिलो ते दिवस उन्हामुळे नीट आठवत नाहीत, क्षमा असावी. मराठी सोडून तो दुसरंच काही शिकायला लागला होता. सोबत फोटो होता. तीच चौकट, तीच बाई, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून हा. मायने तो फोटो पदराने पुसून भिंतीवर लावला. तिच्या तोंडावर समाधान होतं. मला वाटलं, झालं, निभावलं.

त्यानंतर मी घरी गेले ते दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टी संपली, अमरावतीची गाडी धरायची म्हणून पिशवी उचलली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "येते माय."

माय काही बोलली नाही. जवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, केस सारखे केले.

"येते म्हटलं ना," मी पुन्हा म्हणाले.

तरी ती गप्प. मग माझ्या लक्षात आलं की या सुट्टीत मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकलाच नव्हता. बा गँगवर निघायचा तेव्हा नाही, मनकर्णाबाई उठून जायची तेव्हा नाही. उलट कोणी निघायला लागलं की ती आत काहीतरी कामाला निघून जायची. बा ओट्यावर जोडे घालत होता. त्याने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं.

"ये म्हण ना माय," मी म्हणाले. "तुझी पोरगी निघाली आहे. एवढंही नाही म्हणत?"

तिने दाराबाहेर पाहिलं. बाहेर दुपार होती, रस्ता रिकामा. मग माझ्या कानाशी तोंड आणून, कोणी ऐकू नये अशा आवाजात ती म्हणाली, "कशी म्हनू वं? तो आयकन."

मी तशीच निघाले. वळणावर मागे वळून पाहिलं तर माय दारात उभी होती, आणि पदराचा बोळा तिने तोंडावर घट्ट दाबून धरला होता.